नावाड्याशी कुणी बोलत नाही

"पुस्तक खोटं नव्हतं हो. पुस्तक हेच होतं. वाचणारी खोटी होती म्हणा पाहिजे तर. मी काही तोंड लपवत नाही."

"मग हे काय?" समोरच्या बाईनं पुस्तक उघडून नाकासमोर धरलं. तिच्या बोटांच्या टोकांना सुयांनी पडलेली बारीक बारीक भोकं होती. "इथं नावाडी बुडतो. चांगला सहा पानं बुडतो. आणि माझ्या भावाला तुम्ही सांगितलंत, नाव काठाला लागली."

"सांगितलं नाही. वाचलं."

"वा! म्हणजे चोरलं नाही, नुसतं उचललं."

जिला हे ऐकावं लागत होतं ती दवाखान्यातली वाचनबाई, रोग्यांना पुस्तकं वाचून दाखवणारी. दोघी उभ्या होत्या चादरींच्या खोलीत. तीन बाजूंना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर धुतलेल्या चादरींच्या घड्या, आणि फिनेलचा असा वास की डोळ्यांत पाणी आलं तरी कुणाला शंका येऊ नये. दवाखान्याच्या या मागच्या इमारतीत बारा खाटा होत्या. पुढच्या इमारतीतले डॉक्टर हात टेकले की माणसाला इकडं पाठवत. इकडून परत पुढं गेलेला माणूस कुणी पाहिलेला नव्हता.

समोरची बाई शिंपीण. तिचा धाकटा भाऊ रंगारी होता, घरं रंगवायचा. रंगाची भुकटी छातीत साठून साठून शेवटी सहा नंबरच्या खाटेवर आला आणि तीन महिन्यांपूर्वी तिथंच गेला. त्याला अक्षर येत नव्हतं. शाळांच्या भिंती रंगवल्या, एका वाचनालयाला आतून-बाहेरून तीनदा रंग दिला, पण पुस्तक म्हणून जे काही त्याच्या आयुष्यात आलं ते हे एकच. वाचनबाईनं सोळा दुपारी वाचून दाखवलेलं. बहीण भेटायला आली की तो तिला त्या दिवसाची गोष्ट सांगायचा. दम लागायचा, तरी सांगायचा. तो गेल्यावर तिनं मुद्दाम शोधून पुस्तक मिळवलं. म्हटलं, त्याची गोष्ट आपल्याजवळ असावी. काल ती बुडण्याच्या पानांपर्यंत पोचली आणि पुस्तक मिटून आज दुपारी इथं आली.

"एकच पुस्तक झालं त्याचं जन्मात," ती म्हणाली, "आणि त्यातही तुम्ही काटा मारलात."

वाचनबाईचं हे गाळणं इथं नोकरीला लागल्यावरचं नव्हे, फार जुनं. नऊ वर्षांची असताना गल्लीतल्या बायांची पत्रं ती वाचून द्यायची. आत्याचा नवरा जहाजावर होता. एक दिवस त्याच्या मित्राचं पत्र आलं. दुसऱ्याच ओळीत पोरीला कळलं काय आहे ते, आणि शेजारी बसलेल्या आईला पोरीच्या तोंडाकडं बघून कळलं. आईनं मांडीला असा चिमटा काढला की पोरगी थांबली नाही, अडखळली नाही. 'तब्येत उत्तम आहे, समुद्र शांत आहे' असं वाचत गेली. पुढं दीड वर्ष ती आत्याला पत्रं वाचत होती, कोऱ्या कागदावरून. आत्याला कळलं तेव्हा ती रडली नाही की ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "दीड वर्ष मी त्याच्यावर रुसून होते गं. इतकी कोरडी पत्रं लिहितो म्हणून." त्यानंतर तिनं भाचीच्या हातात कागद म्हणून दिला नाही.

अकरा वर्षांपूर्वी इथं जागा निघाली तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे इथल्या मुख्य नर्सनं, तिला एकच गोष्ट बजावली. "आवाज चांगला आहे तुमचा. वाचा काय हवं ते. फक्त मरणाचं वाचायचं नाही. या लोकांना ते शिकवायला तुमची गरज नाही."

सांगायला सोपं. कपाटात दोनशेवर पुस्तकं, सगळी लोकांनी देणगी दिलेली. आणि लोक पुस्तकं देणगी देतात कधी? घरातलं वाचणारं माणूस गेलं की. त्या पुस्तकांतून माणसं अशी मरायची की विचारू नका. तापानं मरत, तलवारीनं मरत, वियोगानं मरत. एका कादंबरीत तर एक कवी नुसता खिडकीत बसून बसून मरत होता, नव्वद पानं. वाचनबाई घरी पुस्तक आधी वाचून काढी आणि पेन्सिलीनं खुणा करी. इथून उडी, इथं पाय. वाचताना डोळे दोन ओळी पुढं धावत, तोंड मागून येई. उडीच्या आधी श्वास भरून घ्यायचा आणि उडी मारताना पान उलटायचं. कागदाच्या आवाजात एखादं मरण सहज झाकून जातं. वर्षभरात ती इतकी तरबेज झाली की ऐकणाऱ्याला ठेच लागत नसे.

क्वचित लागे. एक राजा म्हातारा झाला आणि पुढच्या वाक्यात त्याचा मुलगा सिंहासनावर बसलेला.

"आणि बापाचं काय झालं?" चार नंबरच्या म्हाताऱ्यानं विचारलं.

"गावाला गेला."

"राजा? गावाला?"

"राजाला गाव नसतं का?"

धर्माच्या पुस्तकांनी मात्र तिला घाम फोडला. कादंबरीत मरण येतं आणि जातं, तिथं ते घरच्या माणसासारखं दर पानावर बसलेलं. एका पुस्तकात देहाला दोन दिवसांची खोली म्हटलेलं, एकात मरणाला उंबरा म्हटलेलं, एकात लांबची हाक. खोली गाळली, उंबरा गाळला, हाक गाळली. मग उरलं काय? आंघोळ कधी करावी, उष्टं कुठं टाकावं आणि जेवताना बोलू नये. दोन नंबरला एक स्वयंपाकीण होती, तिचं ते पुस्तक तोंडपाठ. तिनं आठवडाभर ऐकून घेतलं आणि एक दिवस म्हणाली, "बाई, हाड काढून नुसता रस्सा वाढताय होय देवाचा?" वाचनबाई हसली आणि पुढं वाचू लागली. त्याच आठवड्यात स्वयंपाकीण गेली. सकाळी खाट रिकामी दिसली तेव्हा इतरांना सांगितलं, घरी नेलं त्यांना. तेही ठरलेलंच होतं.

चौथ्या वर्षी एक शिपाई दिसला.

दुपारची वेळ होती, कॉरिडॉरमध्ये पाण्याच्या फिल्टरपाशी. एका पायात बूट, दुसरा पाय चिखलानं माखलेला. वाचनबाई भांडं भरायला गेली होती. घाबरली नाही, कारण तिनं त्याला लगेच ओळखलं. तिनं वाचून दाखवलेल्या एका लढाईच्या पुस्तकात त्याचा बूट चिखलात रुततो, तो काढायला वाकतो आणि गोळी लागते. बूट तिनं वाचला होता, गोळी वाचली नव्हती. मग तो जाणार कुठं? त्यानं तिच्याकडं पाहिलं, ते काही रागानं नव्हे. ऑफिसात ज्याचं काम कुणी करत नाही तो माणूस खिडकीपाशी उभा राहून बघतो ना, तसं.

मग एकेक येऊ लागली. तापातली पोर, फासावरचा दरोडेखोर, तो गावाला गेलेला राजा. जिन्यावर, धोब्याच्या गाडीमागं, बसच्या रांगेत तिच्या पुढं. करत काही नसत. ज्या ओळीवर तिनं उडी मारली त्या ओळीवर थांबलेली असत आणि जागा अडवून उभी असत. माणूस मेला की जागा मोकळी करतो. यांना तिनं ते करूच दिलं नव्हतं.

नवरा नळ दुरुस्त करायचा. त्याला सांगितलं तर आधी तो खदाखदा हसला. "अगं मग त्या शिपायाला बूट तरी दे माझा जुना!" मग तिचं तोंड बघितलं. हातातला पाना पुसत पुसत म्हणाला, "पाइप मधेच तोडून वर प्लास्टर मारलं, तर पाणी थांबतं असं वाटतं का तुला? ते भिंतीत मुरतं. मग कुठल्या खोलीत ओल येईल ते तुझं तू बघ."

"अहो, पण ती माणसं घाबरतात मरणाला."

"तू घाबरतेस," तो म्हणाला आणि जेवायला बसला.

नावाड्याचं पुस्तक तिला सगळ्यांत जड गेलं होतं. नावाड्याच्या घराचं वाटोळं केलेला एक माणूस असतो. पूर आलेला असताना तोच पलीकडं अडकतो, आणि नावाडी त्याला आणायला नाव घालतो. आणतो, काठावर ढकलतो आणि स्वतः बुडतो. एवढंच असतं तर उडी मारता आली असती. पण पुढं चाळीस पानं पुस्तक चालतं आणि त्या चाळीस पानांत त्याचं नसणं आहे. वाचनबाईनं काय केलं, नाव काठाला लावली, नावाड्याला घरी आणून बसवलं आणि पुढची पानं काही गाळून बाकी तशीच वाचली. मधे मधे पदरचं घातलं. नावाडी जेवला. नावाडी कोपऱ्यात जाळं विणत बसला. बाकी घर पुस्तकातलंच चालत राहिलं. बायको एकटीच काठावर जाते, मुलगी एकटीच वल्हं उचलते.

आता चादरींच्या खोलीत शिंपीण तेच सांगत होती, फक्त तिच्या बाजूनं.

"शेवटच्या आठवड्यात तो म्हणायचा, ताई, नावाडी घरी आलाय, पण त्याच्याशी कुणी बोलत नाही. बायको त्याच्या समोरून जाते, बघत नाही. मी म्हटलं, रुसली असेल. तो म्हणाला, नाही गं, रुसणं वेगळं. मग म्हणाला, माझ्याशीही तसंच. तुम्ही येता, उशी नीट करता, हवापाण्याचं बोलता. माझ्याशी कुणी बोलत नाही." तिनं नाक ओढलं. फिनेलनं असेल. "मी त्याला गप्प केलं. म्हटलं, काही होत नाही तुला, बरा होशील. अन् दुसऱ्या दिवशी गेला."

वाचनबाईनं फळीवरची एक घडी उगाच सरळ केली.

"आता माझ्याकडं येऊन बसतो," शिंपीण म्हणाली. आवाजात काही नव्हतं. गिऱ्हाइकाचं माप सांगावं तशी सांगत होती. "कापायच्या टेबलापाशी स्टूल आहे, त्यावर. भर दुपारी. मशीन चालू असलं की असतो. थांबवलं की नसतो. काही बोलत नाही आणि माझ्या तोंडातून शब्द निघत नाही. काय बोलू? काल ती पानं वाचली तेव्हा कळलं. तो वाट बघतोय, बाई. तुम्ही त्याला मधेच सोडलंय."

"मी काय करू?"

"जिथं तोडलंत तिथं जोडा. तुमच्याच तोंडानं. त्याच खाटेपाशी."

"त्या खाटेवर आता दुसरं माणूस आहे."

"ते मला ठाऊक नाही का? खाट काय तुम्ही रिकामी ठेवणार होता?"

सहा नंबरवर आता एक खाटीक होता. एके काळी दारातून आडवं होऊन शिरावं लागे म्हणे, आता चादरीखाली जेमतेम उंचवटा. हात कायम चादरीच्या आत. एकदा वाचनबाईनं पाणी देताना हात बाहेर घ्या म्हटलं तर म्हणाला, नको, मला ते बघवत नाहीत. कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीचं चाक कुरकुरलं की चादर नाकापर्यंत ओढायचा. जन्मभर दुसऱ्यांच्या मानेवर सुरी ठेवलेला माणूस, पण भ्यायचा तो बारा खाटांत सगळ्यांत जास्त. आणि त्यानंच, मुखपृष्ठावर नावेचं चित्र आहे म्हणून, हे पुस्तक मागितलं होतं. दोन दिवस वाचनबाई डोकं दुखतं म्हणून टाळत होती. पूर तोंडाशी येऊन थांबला होता.

एका बाजूला तीन महिन्यांपूर्वी गेलेला माणूस वाट बघणारा, दुसऱ्या बाजूला आठ-पंधरा दिवसांचा सोबती, चादरीखाली थरथरणारा. गेलेल्याचं ऐकावं तर असलेल्याचा जीव घाबरा करायचा, आणि वर नोकरीही हातची जायची. वाचनबाई चादरींना टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "चला. त्यांना विचारते. नको म्हणाले तर मी वाचणार नाही, आणि तुम्ही मला हवं ते बोला."

वॉर्डात दुपारची सामसूम होती. खाटीक जागाच होता. "या! डोकं उतरलं का? आणि ह्या कोण?"

"या..." वाचनबाई म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिला कळलं, "तुमच्या आधी या खाटेवर जे होते, त्यांची बहीण."

"होते म्हणजे?"

पाचवरचा माणूस खोकायचा थांबला. वाचनबाईला कळलं की आता 'घरी गेले' म्हणायची जागा आली आहे. जीभ त्या शब्दाशी गेलीसुद्धा. अकरा वर्षांची सवय. पण बहीण शेजारी उभी होती.

"गेले," ती म्हणाली. "इथंच."

"याच खाटेवर?"

"याच."

खाटकानं छताकडं पाहिलं. तिला वाटलं, आता चादर वर जाईल. गेली नाही.

"च्यायला," तो म्हणाला, "मग हे आधी सांगता येत नव्हतं? मला वाटत होतं इथं कुणी मरतच नाही. तुमच्या पुस्तकांत कुणी मरत नाही. खाटा रिकाम्या होतात तर माणसं घरी जातात म्हणे. मुलगा येतो तो दुकानाचं सांगतो, काही झालंच नाही असं. मी म्हटलं, म्हणजे एवढ्या जगात मरणारा मी एकटाच निघालो की काय! माझ्या हातून मेलेली जनावरंसुद्धा कळपात उभी असायची हो. एकमेकांना अंग लावून." त्याला दम लागला. "काय विचारायचं होतं?"

"यात पुढं नावाडी बुडतो," वाचनबाई म्हणाली. "वाचू?"

"मग काय तरंगवत ठेवणार त्याला? वाचा."

शिंपीण खाटेच्या पायथ्याशी बसली. वाचनबाईनं पान काढलं. या पानांवर तिचा आवाज कधी चाललेला नव्हता. पहिल्या ओळींना ती नवशिक्या पोरीसारखी अडखळली.

"नावाड्यानं त्या माणसाला दंडाला धरून काठावर लोटलं. तो माणूस मागं न बघता चढणीला लागला. नावाड्यानं वल्हं रोवायला घेतलं, तळ लागला नाही. नाव फिरली. तो ओरडला नाही. ओरडलं तर तो माणूस मागं वळेल, आणि त्या माणसानं आपल्यासाठी मागं वळावं हे त्याला नको होतं. पाणी छातीला आलं तेव्हा त्याला आठवलं की घरी दिव्यात तेल घालायचं राहिलंय..."

सहा पानं. मधे एकदा खाटकानं विचारलं, "पाणी गार होतं का?" तिनं पुन्हा बघून सांगितलं, "लिहिलेलं नाही." "असणार," तो म्हणाला. "पुराचं पाणी गारच."

मग पुढचं प्रकरण आलं, ज्याचं तिनं पार भजं केलं होतं. नावाड्याची बायको रोज संध्याकाळी काठावर जाते आणि पाण्याशी बोलते. आज शेळीनं लाथ मारली. मुलीला वल्हं पेलतं. शेजारीण परत उसनं पीठ मागायला आली, दिलं नाही. सगळं त्याला सांगते. पानंच्या पानं. पुस्तकात नावाड्याशी त्याच्या जितेपणी कुणी इतकं बोललेलं नव्हतं. वाचनबाईनं त्याला जिवंत ठेवण्याच्या नादात हेच सगळं गाळलं होतं, आणि घरात एक माणूस बसवला होता ज्याच्याशी कुणी बोलत नाही.

शिंपिणीनं हात वर केला. थांबा म्हणून. काल ती इथपर्यंत आलीच नव्हती. तिनं खाटेची लोखंडी दांडी धरली आणि दांडीकडंच बघत बोलली, हळू, घरात बोलतात तशी.

"अरे, तुझी शिडी अजून माझ्याकडंच आहे. मागं गल्लीत उभी. तो कोपऱ्यावरचा दोनदा मागून गेला. काय करू, देऊ का त्याला?"

पाचवरचा डोळे मिटून पडला होता, पण झोपलेला नव्हता.

"द्या," खाटेवरून खाटकाचा आवाज आला. "लाकडाची असेल तर बाहेर कुजून जाईल."

शिंपिणीनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. खाटकानं डोळे मिटलेले होते आणि त्याचे हात चादरीच्या बाहेर आले होते, मोठे, सुरकुतलेले, पोटावर ठेवलेले. हे तो स्वतः बोलला की कुणी त्याच्या तोंडून बोललं, हे तिनं विचारलं नाही, आणि त्यानंही खुलासा केला नाही.

"लाकडाचीच आहे," ती म्हणाली. "देते मग." पदर सारखा केला आणि उठली. स्वतःची प्रत तिनं तिथंच पायथ्याशी ठेवली.

काचेच्या दारामागं मोठ्या बाई उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. शिंपीण बाहेर गेली तेव्हा त्यांनी तिला वाट दिली आणि मग आत आल्या. खाटकाची नाडी बघितली, चादर सारखी केली. वाचनबाईकडं न बघता म्हणाल्या, "उद्या सकाळी ऑफिसात या."

"येते," वाचनबाई म्हणाली.

"काय वाचलंत, पान किती ते, सगळं लिहून आणा."

"आणते."

मोठ्या बाई गेल्या. वाचनबाई भांड्यातलं घोटभर पाणी प्यायली, तिनं घसा साफ केला. सात नंबरला ऐकू कमी यायचं, म्हणून खुर्ची उचलून तिनं उशाशी नेली, कपाटातून त्यांचं पुस्तक काढलं आणि आवाज चढवला.